पाव फेऱ्याचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी विजेरी आहे. तुम्ही मला टॉर्च म्हणाल. म्हणा, माझी हरकत नाही. उंचीने तुमच्या मधल्या बोटाएवढी, अंगाने अॅल्युमिनियमची, पोटात एकच सेल आणि माथ्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा एलईडी. दिसायला मी गरीब आहे, पण राग मनात धरून ठेवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. माझ्या काचेभोवतीच्या कड्यावर एक खोच पडली आहे. ती कोणी पाडली आणि तिचा सूड मी कसा उगवला, ते ऐका.

माझा जन्म बंगळूरजवळच्या होसकोट्याच्या एका लहानशा कारखान्यातला. कारखाना शिवाप्पांचा, पण आम्हा विजेऱ्यांना विचाराल तर तो सत्यवतीअक्कांचा. अक्कांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे येऊन कायमचं इथलं झालेलं. शहरातल्या बनशंकरीहून त्या रोज बस बदलत यायच्या आणि तपासणीच्या टेबलावर बसायच्या. एक नाही, दोन नाही, एकोणीस वर्षं! नखाने काचेची कड चाचपायच्या, झाकणाच्या आट्यांवरून बोट फिरवायच्या, क्लिप पदराला लावून ओढून बघायच्या. मग डोळे मिटून वीस वेळा बटण दाबायच्या. "अंधारात बटण डोळ्यांनी थोडंच सापडतंय? अंगठ्याला सापडायला पाहिजे," असं त्या म्हणायच्या. ज्या विजेरीचं बटण अंगठ्याला शोधावं लागलं, ती परत जायची.

पास झालेल्या विजेरीचं बुडाकडचं झाकण त्या शेवटी पाव फेरा सैल करायच्या. ही त्यांचीच रीत. पूर्वी एकदा खोक्यातल्या विजेऱ्या प्रवासात एकमेकींवर दाबल्या जाऊन पेटल्या आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत सगळ्यांचे सेल संपून गेले. झाकण सैल असलं की बटण कितीही दाबलं तरी उजेड पडत नाही. माझं झाकण सैल करताना अक्का म्हणाल्या, "स्वल्प झोप गं आता." माझ्या डब्यात तीन भाषांत छापलेली चिठ्ठी ठेवली: झाकण पाव फेरा आवळा, मग बटण दाबा.

एवढं साधं होतं बघा. पण मी जाऊन पडले कोणाच्या हातात? शार्दूलच्या!

शार्दूल हा पुण्याहून नोकरीसाठी आलेला, बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये राहणारा. आठवडाभर ऑफिस आणि सुट्टीच्या दिवशी 'शार्दूलची पारख' नावाचे व्हिडिओ. लहान टॉर्च हा त्याचा हातखंडा विषय. त्याने चांगली म्हटलेली टॉर्च लोक डोळे झाकून घेत. त्याने कॅमेऱ्यासमोर माझा डबा फोडला, चिठ्ठी काढली आणि "हे वाचायला वेळ कोणाला आहे, गाईज?" म्हणत भिरकावून दिली. मग बटण दाबलं. अर्थातच उजेड पडला नाही. पुन्हा दाबलं. मी आतून कळवळून ओरडत होते, अरे बाबा, आवळ की झाकण! पण आमचा आवाज कोणाला ऐकू जातो?

"डेड!" शार्दूल हसत म्हणाला. "ज्याने ही तपासली तो झोपला होता बहुतेक. असो, निदान बिल्ड क्वालिटी तरी बघू." आणि त्याने मला डोक्याइतक्या उंचीवरून फरशीवर सोडलं. ठणकन् आपटले मी. कड्यावर खोच पडली ती तेव्हा. हा गडी ती खोच जवळून, तीन-तीनदा, सावकाश फिरवून दाखवत बसला. मग मला जुन्या चार्जरांच्या ड्रॉवरमध्ये फेकलं.

पाच महिने मी तिथे पडून होते. खोच सोसली असती मी; पण 'झोपला होता' हे अक्कांना उद्देशून होतं. त्या एका शब्दासाठी मी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही.

एका शनिवारी सकाळी शार्दूलच्या बायकोचं, मुग्धाचं, कानातलं वॉशिंग मशीनच्या मागे पडलं. टॉर्च हवी म्हणून तिने ड्रॉवर उपसला आणि मी हाती लागले. बाईमाणसाचा हात! झाकण सैल लागताच बरणीचं आवळावं तसं तिने सहज आवळलं आणि बटण दाबलं. मी लख्ख पेटले.

"अगं बाई! ही तर चालू आहे!" मुग्धाने कपाटातून माझा डबा काढला. त्या दिवशी भिरकावलेली चिठ्ठी तिनेच उचलून त्यात ठेवली होती. ती वाचली आणि थेट नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "शार्दूल, टॉर्च मेलेली नव्हती. तू झाकणच आवळलं नव्हतंस."

शार्दूलने चिठ्ठी वाचली. त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हा चूक कबूल करील. पण तो म्हणाला, "हळू बोल ना! पारख करणाऱ्याला साधं झाकण कळलं नाही, असं सांगू का लोकांना? राहू दे. एक टॉर्चच तर आहे."

बघितलंत? चूक कोणाच्याही हातून होते. ही आता चूक उरली नव्हती.

तो बाहेर गेल्यावर मुग्धाने चिठ्ठीवरचा कारखान्याचा नंबर फिरवला. तिने हिंदीत सुरुवात केली, तर पलीकडून आवाज आला, "मराठी काय तुम्ही? मग मराठीतच बोला की, अम्मा." आवाज अक्कांचा होता. मला इतकं भरून आलं की काय सांगू.

मुग्धाने टॉर्चचा विषय काढला. ती तपासणारी मीच, असं सांगून अक्का म्हणाल्या, "ते व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी बघितलं. शिवाप्पाअण्णा ओरडले नाहीत हो. अक्का, तुमची नजर दमली आता, लेबलं लावत बसा, म्हणाले. मी सरी म्हटलं, बरं म्हटलं. तपासणीला दुसरं कोण तरी बसतंय. समोरच आहे टेबल. बघून स्वल्प त्रास होतो."

"तुम्ही सांगितलं नाही का त्यांना, झाकण सैल असतं म्हणून?"

"सांगितलं की. पण व्हिडिओत मेलेली दिसली ना ती. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं, माझं कोण ऐकतंय? मेलेला नग माझ्या हातून गेला नाही, अम्मा. तेवढं एकदा कोण तरी म्हणायला पाहिजे होतं."

मुग्धाने फोन ठेवला. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "थांब तू." त्या क्षणापासून आम्ही दोघी एका पक्षात होतो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, शार्दूलचा थेट कार्यक्रम होता. खिडक्यांना काळा कागद लावलेला, समोर पाच लहान टॉर्च, सगळ्यांना काळी टेप गुंडाळलेली. नाव न बघता नुसत्या हाताने पारख करायची, असा खेळ. टेप गुंडाळायचं काम नेहमी मुग्धाचं. पाचवी टॉर्च तिने बाजूला ठेवली आणि तिच्या जागी मी गेले. नवा सेल, झाकण घट्ट, टेप पार कड्यापर्यंत.

शार्दूलने पहिल्या चौघींना नावं ठेवली. एकीचं बटण सापडेना, एकीची क्लिप लेचीपेची, एकीचे आटे खरखरत होते, चौथीच्या उजेडात मधोमध काळा डाग. मग मला उचललं. "अरे! अंगठा आपोआप बटणावर गेला," तो म्हणाला. क्लिप ओढून बघितली, आट्यांवरून बोट फिरवलं, भिंतीवर उजेड टाकला. "गाईज, नंबर वन! ज्याने ही तपासली ना, त्याचे हात मला बघायचेत."

हं, बोल! आणखी बोल!

"टेप काढ," कॅमेऱ्यामागून मुग्धा म्हणाली.

त्याने टेप सोडवली. माझं नाव दिसलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. तरी सावरून हसला. "हां, म्हणजे हा दुसरा नग आहे. तो जुना खराबच होता." बोलता बोलता टेपचा शेवटचा वेढा सुटला आणि खोच उघडी पडली. ती त्यानेच तर जगाला तीन-तीनदा फिरवून दाखवली होती! पडद्यावर लोकांच्या ओळी भराभर उमटू लागल्या: अरे, तीच खोच! ही तर मेलेली ना? फसवतोस का आम्हाला?

"आता झाकण पाव फेरा सैल कर आणि बटण दाब," मुग्धा म्हणाली. अंधार. "आता आवळ." मी पेटले, आणि त्याच्या हातात माझं तोंड नेमकं त्याच्याकडे होतं. अस्सा उजेड टाकला मी त्याच्या तोंडावर! कपाळावरचा घामाचा थेंब न् थेंब लोकांना दिसला.

"ती मेलेली नव्हती," तो कसाबसा म्हणाला. "मी झाकण आवळलं नव्हतं."

"आणि?"

"आणि मला ते कालच कळलं होतं. तरी मी गप्प बसलो. ती तपासणारी व्यक्ती झोपलेली नव्हती. झोपलेला मी होतो."

कार्यक्रम बघितलेल्या शिवाप्पांनी सोमवारी होसकोट्याला स्वतः खुर्ची ओढून अक्कांना तपासणीच्या टेबलावर बसवलं. पुढच्या शनिवारी शार्दूल मला घेऊन माफी मागायला आला. अक्का म्हणाल्या, "असू दे हो. बसा, कॉफी घ्या." मी चडफडले. इतक्या स्वस्तात? मग त्यांनी मला हातात घेतलं, खोचेवरून सावकाश नख फिरवलं आणि त्याच्यासमोर एक नवी विजेरी ठेवली. "बघा बरं कशी झालीय."

शार्दूलने घाईघाईने उचलली आणि बटण दाबलं. उजेड नाही. पुन्हा दाबलं! अहो, पुन्हा! कारखान्यातल्या सगळ्या बायका पोट धरधरून हसल्या. तो कानापर्यंत लाल झाला. माझं काळीज थंड झालं ते तेव्हा.

आता मी अक्कांच्या टेबलावर खिळ्याला लटकते. अक्कांनी त्याला माफ केलं. मी नाही केलं. मित्रांनो, एखादी वस्तू चालली नाही तर आधी चिठ्ठी वाचा, झाकण चाचपा, आपला हात चुकला का ते बघा. तिच्यामागे बसलेल्या माणसाला नावं ठेवायची घाई करू नका. आणि एवढं करूनही तिला आपटायचंच असेल, तर खुशाल आपटा. फक्त खोच कुठे पडली ते नीट बघून ठेवा, कारण आम्ही ती विसरत नाही.