परक्या जागेत ओतलेलं वजन

मित्रांनो, मी संगणकातली एक जुनी मेमरीची पट्टी आहे. नीरेकाठच्या एका साखर कारखान्यात, ऊस कापणाऱ्या पात्यांकडे नेणाऱ्या गव्हाणीशेजारी, मी आठ हंगाम काढले. गाड्यांचं वजन, पात्यांचं बंद-चालू, सगळं माझ्याच अंगावर लिहिलं जाई. कौतुक मात्र संगणकाचं होई. याचा मला राग येतो, तो लपवत नाही.

गेल्या हंगामात वजनकाट्याला संगणकाशी जोडणारं नवं कार्ड आलं. ते मोठं आडदांड! प्रोसेसरला न विचारता थेट माझ्यावर आकडे ओतायचं. कुठे ओतायचं तो पत्ता इंदापूरच्या अनुपचा प्रोग्राम देई, आणि घाईत अनुपने तात्पुरती जागा दिली होती. काट्याला उशीर झाला की प्रोग्राम वाट न बघता ती जागा सोडून देई. ऊसतोड्यांच्या तळावर एक कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, उठली की तिथे दुसरी पडते, तसं माझ्याकडेही चालतं. पण कोपी उठल्याचं कार्डाला कुणी सांगितलंच नव्हतं.

एका दुपारी गव्हाणीत ऊस तुंबला. अशा वेळी वरच्या मजल्यावरचा विजेचा मुख्य खटका पाडायचा असतो. पण जिना कोण चढणार? बाहेर ट्रॅक्टरांची रांग. पाती चालवणाऱ्या मोहनरावांनी नेहमीसारखं संगणकाच्या पडद्यावरच 'बंद' दाबलं.

निरवांगीचा मजूर गोकुळ याने तुंबलेला ऊस काढायला आत उतरताना विचारलं, "मोहनराव, बंद हाय न्हवं?"

"हाय बंद. जा तू."

तेवढ्यात रेंगाळलेलं वजन आलं. जुन्या जागेवर आता 'बंद' लिहिलेलं होतं. कार्डाने त्यावरच आकडा ओतला, 'बंद' पुसलं गेलं आणि पाती फिरली. गोकुळचा उजवा हात कोपरापासून तुटला. उसाच्या कांड्यांवर रक्त उडालं. त्याची किंकाळी मी अजून विसरले नाही.

गोकुळचा भाऊ रतन पहार घेऊन धावला. "तूच चालू केलंस!"

"न्हाय रं! म्या हात बी लावला न्हाय!"

पहार मोहनरावांच्या कानशिलावर बसली. ते पडले, तरी लाथा थांबेनात. चोर सोडून संन्याशाला फाशी! मग रतन संगणक फोडायला वळला. कारखान्याची इंजिनिअर मेघना आडवी आली.

"रतन, हितली वीज गेली की ही पट्टी समदं विसरंल. मला आधी वाचू दे, मग फोड."

पहार तशीच वर राहिली. मेघनाने वाचलं. 'बंद'च्या जागी एका गाडीचं वजन होतं.

"ती जागा मी दिली होती," तिच्यामागून पडदा बघत अनुप पुटपुटला. रतन खालीच बसला.

मित्रांनो, उद्या तुम्हीही प्रोग्राम लिहाल. अशा कार्डाला राखीव जागा द्या, त्याचं ओतणं संपेपर्यंत ती कुणाला देऊ नका. आणि पात्यांत माणूस उतरणार असेल, तर जिना चढा. अनुपची दुरुस्ती तीन ओळींची होती.

मी आता मेघनाच्या टेबलावर असते. शेजारी मोहनरावांना बैठं काम दिलंय. परवा रतन आला, खाली मान घालून बराच वेळ माफी मागत राहिला.

मोहनराव म्हणाले, "जरा मोठ्यानं बोल, बाबा. ह्या कानानं ऐकू येत न्हाय."