ज्याची गोष्ट, तो दाराबाहेर

वंशभेदाविरुद्ध नाटक बसवायचं ठरलं आणि नाट्यसंस्थेतल्या झाडून सगळ्या गोऱ्या मंडळींना एकदम कंठ फुटला. दिग्दर्शक तर तालमीत रोज डोळे पुसायचा. रुमाल मात्र कधी ओला झाला नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

गोष्ट होती रंगभूषा करणाऱ्या ताईच्या धाकट्या भावाची. तो भाड्याची खोली बघायला गेला, आणि काळा माणूस जिन्यात दिसला म्हणून लोकांनी त्याला चोर ठरवून बडवलं. ताईने विश्वासाने सांगितलं, दिग्दर्शकाने ते उचललं. "मीच करतो ना ती भूमिका," असं भाऊ म्हणाला, तेव्हा या शहाण्याने मान हलवली. "तुझ्यात ती वेदना दिसत नाही रे." बरगड्या मोडल्या याच्या, आणि वेदना म्हणे दिसत नाही! मग ती एका गोऱ्यागोमट्या नटात सापडली, आणि त्याला काळा रंगवायचं काम ताईच्या गळ्यात पडलं. पोटासाठी तिने ते पत्करलं. पण पहिल्या प्रयोगाला तुला मानाने आत बसवीन, असं वचन तिने भावाला दिलं होतं.

प्रयोगाच्या दिवशी नटाने आपला हात तिच्या हाताला लावून पाहिला. "अजून गडद कर गं. तुझ्याइतका तरी हवा ना!" ताईने स्पंज पुन्हा रंगात बुडवला. एक गाल रंगवून होतो, तोच फोन वाजला.

"ताई, दारावरचा माणूस आत सोडत नाहीये. पास दाखवला तर म्हणतो, कुठून ढापलास? तुमच्यासारख्यांनी मागून जायचं, म्हणतो."

ताईने दिग्दर्शकाला गाठलं. तो आरशासमोर केस नीट करत होता.

"आत्ता? तिसरी घंटा होईल गं. घे ना त्याला मागच्या दाराने. उगाच तमाशा कशाला?"

"सर, नाटक कशावर आहे आपलं?"

"म्हणूनच सांगतोय, नाटकाचा विचार कर."

पालथ्या घड्यावर पाणी! ताईने स्पंज भांड्यात टाकला, नटाला एका काळ्या गालानिशी तसंच सोडलं आणि पडदा वर जाताच रंगमंचावर जाऊन उभी राहिली.

"ज्याची ही गोष्ट आहे, तो माझा भाऊ बाहेर उभा आहे. कोणीतरी उठा आणि त्याला आत घ्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वा, काय सुरुवात आहे!

"हे नाटक नाहीये!" ती ओरडली. टाळ्या दुप्पट झाल्या. बुडं मात्र खुर्च्यांना चिकटलेलीच राहिली. किळस आली तिला.

ती स्वतः खाली उतरली, मधल्या वाटेने चालत गेली, दार उघडून दारवानाला बाजूला सारलं आणि भावाचं मनगट धरून त्याला रंगमंचावर आणलं. "सांग," ती म्हणाली.

भावाने सांगायला घेतलं. आवाजात चढउतार नाहीत, डोळ्यांत पाणी नाही. "ती खोली याच नाट्यगृहाच्या मागच्या गल्लीत होती. मारणारे सगळे शेजारपाजारचेच होते. चांगल्या कपड्यातले."

मघाशी एकाचंही पाऊल हललं नव्हतं. आता मात्र लोक भराभर उठायला लागले. कोणाला गाडी आठवली, कोणाला घरी ठेवलेलं मूल. विंगेतून दिग्दर्शक पडदा पाडायच्या खुणा करत होता.

भाऊ अडखळला. "ताई, बास करू का?"

"बोल तू. जाणाऱ्यांना दाराबाहेरही ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने बोल."