नवरी तेवढी बदल

कपातला चहा संपायच्या आधीच आशाबाईंनी सांगून टाकलं, "फाइल तर तुझ्याकडं हायच. नवरदेव तोच हाय. नवरी तेवढी बदल."

कॉम्प्युटरवर अंतरपाटाचं डिझाइन उघडं होतं. डावीकडं आशाबाईंचा मुलगा सुदर्शन, फेटा बांधलेला. उजवीकडं मुंडावळ्या लावलेली नवरी. ती नवरी म्हणजे श्रेया, आणि हे काम जिला सांगितलं जात होतं तीही श्रेयाच. माणसाचं काळीज हळूहळू निबर होत जातं म्हणतात. आशाबाईंना ते जन्मतःच निबर मिळालं असावं, नाहीतर इतकं सहज कुणाला बोलता येत नाही.

शहरातल्या गारखेड्यात आशाबाईंच्या घराच्या खालच्या मजल्यावर मशीन भरतकामाचं दुकान होतं. गिऱ्हाईक फोटो आणून द्यायचं आणि श्रेया त्याची मशीनला कळेल अशी फाइल बनवायची. या धंद्यात त्याला पंचिंग म्हणतात. लोकांना वाटतं, बटण दाबलं की झालं. बटण दाबूनही होतं, पण त्यातून निघालेला चेहरा सख्ख्या आईलाही ओळखू येत नाही. चेहरा चेहऱ्यासारखा यायचा तर फोटोवर माउसनं एकेक भाग आखावा लागतो. गाल कुठं संपतो, टाका कुठल्या अंगानं पडायचा, आधी काय शिवायचं आणि त्याच्यावर काय. सोयगावहून आलेली ही पोर ते इतक्या निगुतीनं करायची की सिडकोपासून वाळूजपर्यंतची कामं तिच्या हातासाठी यायला लागली.

मग आशाबाईंनीच डाव टाकला. जातीतली आहे, लांबच्या नात्यातली आहे, हाताला गुण आहे. उद्या दुसऱ्या कुणी पळवून नेण्यापेक्षा सून करून घरातच ठेवलेली बरी. साखरपुडा झाला. सुदर्शन तेव्हा रोज खाली यायचा, तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहायचा आणि म्हणायचा, "आज काय शिवतेस?" एवढ्यावर तिचा दिवस सोन्याचा व्हायचा. प्रेमात पडलेल्या माणसाला खायला फारसं लागत नाही.

आपला अंतरपाट आपणच करायचा, असं तिनं तेव्हाच ठरवलं. मंगलाष्टकं चालू असताना नवरा-नवरीच्या मधे धरायचं ते कापड हल्ली कुणी साधं ठेवत नाही. नावं, चेहरे, सगळं भरून हवं असतं. तिनं साखरपुड्याचा फोटो घेतला, त्यावर फेटा आणि मुंडावळ्या चढवल्या. दोघांच्या चेहऱ्यांना एकच गव्हाळ धागा लावला. मशीन तिच्या कपाळापासून सुरू व्हायचं आणि मधे कुठंही धागा न तोडता त्याच्या गालावर येऊन थांबायचं. तसं करायची काही गरज नव्हती. तिला वाटलं, तिनं केलं.

पुढं पावसानं दगा दिला. सोयगावच्या घरच्या विहिरीनं पौषातच तळ दाखवला, गावाला टँकर लागला. श्रेयाची आई सारजाबाई हट्टाची. लेकीचं लग्न दारात मांडव घालूनच करीन म्हणाली, आणि दारात पंगत बसवायची तर लोकांना हात धुवायला तरी पाणी पाहिजे. लग्न वर्षभर पुढं गेलं. तेवढ्यात इकडं शहर पडेगावच्या अंगानं फुगत चाललं होतं. तिथल्या कडुबा नावाच्या शेतकऱ्याच्या रानाचे प्लॉट पडले, आणि त्याच्या लेकीला, वैभवीला, एकाएकी जिकडून तिकडून मागण्या यायला लागल्या. आशाबाई दौलताबाद रोडला कुणाच्या तरी वास्तुशांतीला गेल्या आणि जेवून परत येताना मुलाचं लग्न वैभवीकडं फिरवून आल्या. सोयगावला निरोप गेला, की पत्रिका पुन्हा दाखवली, जुळत नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा येतो.

श्रेया बॅग भरून निघाली होती. आईनंच फोनवर अडवलं.

"घरी नको येऊ इतक्यात. आता आलीस तर लोक म्हणतील, पोरीतच खोट असंल. तिथंच ऱ्हा, काम कर, तोंड वर करून."

आईचं कारण तिनं मानलं, पण खरं कारण तिचं स्वतःचं होतं आणि ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तिची खात्री होती की सुदर्शनला हे पटलेलं नाही. आईपुढं त्याचं चालत नाही म्हणून मूग गिळून गप्प बसलाय, पण वेळ आली की एक शब्द तरी बोलेल. 'थांब' म्हटलं तरी पुरे. त्या एका शब्दासाठी ती रोज त्या खुर्चीवर येऊन बसत होती. वेडेपणाच तो, पण तिच्याकडं दुसरं काही नव्हतंही.

"आत्याबाई, नवीन फोटो—" साखरपुड्यापासूनच्या सवयीनं श्रेया म्हणाली.

"मावशी म्हण आता, पयल्यासारखं," आशाबाई म्हणाल्या. "वैभवीच्या कानावर पडलं तर बरं दिसंल का? अन् धागा बदल. पोरगी गोरी हाय. तुझा रंग तिला लावू नको."

बोलता बोलता त्यांनी मशीनच्या टेबलाखालून एक फडकं ओढलं आणि सांडलेलं तेल पुसायला लागल्या. श्रेयानं ते ओळखलं. नवी फाइल आधी साध्या कापडावर चालवून बघतात, तसं तिनं या अंतरपाटाचं सॅम्पल काढलेलं होतं आणि कपाटात घडी घालून ठेवलं होतं. आता त्यातली सुदर्शनची बाजू कात्रीनं नीट कापून काढलेली होती. राहिलेल्या बाजूनं आशाबाई तेल पुसत होत्या. त्यांना काही वाया गेलेलं खपत नाही.

"करते मावशी," श्रेया म्हणाली. "पण सुदर्शनला एकदा पास करायला पाठवा. गिऱ्हाइकानं बघितल्याशिवाय मी फाइल मशीनला लावत नाय."

आशाबाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही. दुकानाचा नियमच होता तो.

वैभवीचा चेहरा करायला तिला दोन दिवस लागले. डोळ्याचा एक टाका इकडचा तिकडं केला असता तर पडेगावची ती नाजूक पोर भर मांडवात तिरळी दिसली असती. मनात आलं नाही असं नाही, चांगलं दहादा आलं. पण वैभवीनं तिचं काय घेतलं होतं? तिला तर श्रेया नावाचं कुणी आहे हेही माहीत नव्हतं. चेहरा सुरेख झाला. तो वेगळ्या फाइलीत ठेवून तिनं जुनं डिझाइन होतं तसंच राहू दिलं. ते ती त्याच्यासमोर बदलणार होती. बघू तरी, डोळ्यांदेखत त्याला कसं बघवतं ते.

सुदर्शन दुपारी खाली आला. गल्लीत टँकर आला होता आणि आशाबाई बाहेर पाइपावरून शेजारणीशी भांडत होत्या. दुकानात दोघंच. त्यानं मोबाइल खिशात ठेवला, हे तिला शुभलक्षण वाटलं.

"बसा," ती म्हणाली.

तो बसला नाही. तिनं फाइल उघडली. साखरपुड्यातले ते दोघं स्क्रीनवर आले, हसरे, खांद्याला खांदा लावून. तिनं मुंडावळ्या निवडल्या आणि काढून टाकल्या. मग थांबली. मग कुंकू. पुन्हा थांबली. सगळं एकदम निवडून एका दाबात काढता आलं असतं. तिनं एकेक काढलं. भुवया काढल्या. डोळे काढले. ओठांपाशी तिचा हात जरा अडला, पण तेही काढले. प्रत्येक वेळी ती कान टवकारून बसायची. पाठीमागून फक्त पंख्याचा आवाज यायचा, आणि बाहेरून आशाबाईंचा.

शेवटी उजवीकडं नुसता गव्हाळ डाग राहिला, नाक ना डोळे, आणि तो डाग त्याच्या गालाला जोडलेला होता.

"हे तोडावं लागंल," ती म्हणाली. माउसचा बाण तिनं त्या जोडावर नेला. "दोघांचा धागा एकच हाय. मी तसाच ठेवला होता."

सुदर्शन पुढं वाकला. त्याचा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर आला, पूर्वी यायचा अगदी तसा. तो स्क्रीनकडं एकटक बघत होता. कपाळाला आठी पडली होती, काहीतरी मनाला लागल्यासारखी.

"श्रेया," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"माझं नाक लई लांब आलंय का गं?"

तिनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

"नाय म्हणजे, पडेगावची मंडळी जवळून बघणार. व्हिडिओ काढणार. तेवढं जरा कमी कर ना."

"किती करू?"

"तूच बघ," सुदर्शन हसून म्हणाला. "तुला तर माझा चेहरा पाठच हाय." आणि खुर्चीवरचा हात काढून तो वर जेवायला गेला.

आपल्याला रडू फुटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिला शिसारी आली, आधी त्याची आणि मग स्वतःची, की या माणसाच्या एका शब्दासाठी आपण इतके दिवस सासूची तेलकट फडकी बघत बसलो. फोटोत त्याचं नाक खरोखर लांबच होतं. पहिल्या वेळी तिनंच ते मायेनं थोडं आखूड केलं होतं, आणि ते त्याला कधी कळलंही नव्हतं.

तिनं धागा तोडला. वैभवीला उजवीकडं बसवलं, तिच्या चेहऱ्याला गोरा धागा लावला. मग सुदर्शनच्या नाकाकडं वळली आणि त्याला बरं दिसेल तेवढंच कमी केलं, एक टाका जास्त नाही की कमी नाही. त्याचं नाक वाकडं करावं, एवढीसुद्धा माया आता तिच्यात उरली नव्हती.