शांतम्माच्या भांड्यांचा मंत्र

मित्रांनो, मी एक जुना मंत्र आहे. अर्धा कानडी, अर्धा मराठी, एका दमात म्हणता येईल एवढाच. निर्जीव वस्तूवर मला म्हटलं की ती जिवंत होते. स्वभावाने मात्र मी चांगला नाही. मी डूख धरतो.

उदगीरच्या जगदेवीने मुलीच्या लग्नात मला तिच्या कानात सांगितलं. सोबत एक परात, एक घागर आणि दोन मोठी पातेली दिली. आपल्याकडे रीत असते तसं प्रत्येकावर टिंबाटिंबांनी कोरून घेतलं, 'शांतम्मा हिस आईकडून'. आणि मुलीला शपथ घातली, की मंत्राने कुणाचा सूड घ्यायचा नाही.

शांतम्मा मुखेडला सासरी आली. गुडघे दुखले की ती मला हळूच म्हणायची आणि भरली घागर नळावरून डुलत डुलत घरात यायची. दीर मल्लिनाथने एकदा दाराआडून मला ऐकलं आणि कॅलेंडरच्या मागे उतरवून ठेवलं.

पुढे तिचा नवरा वारला. महिनाभरात मल्लिनाथने तिला नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर काढलं. भांडी ठेवून घेतली. बसस्टँडमागच्या खोलीत ती एका पोचे पडलेल्या टोपात भात शिजवू लागली. मी रोज तिच्या ओठांवर यायचो, आणि शपथ आठवून ती मला गिळून टाकायची. पण मित्रांनो, शपथ तिला होती. मला नव्हती.

यंदा मल्लिनाथने नवं घर बांधलं. घरभरणीला सगळं गाव बोलावलं. पाहुण्यांपुढे मिरवायला त्याने भर दुपारी भरल्या भांड्यांवर मला मोठ्याने वाचलं. भांडी आपणहून पंगतीत फिरून वाढतील, असं त्याला वाटलं. त्यांच्यावरची नावं घासून काढायचं काही त्याला सुचलं नव्हतं.

जिवंत झालेली वस्तू आपल्याच माणसाचं ऐकते. भाताची परात उठली, वरणाची पातेली उठली, मागोमाग घागर निघाली. पंगत ओलांडून सगळी दाराबाहेर पडली आणि भरल्या आठवडी बाजारातून बसस्टँडकडे चालू लागली. मागे रेशमी फेटा सावरत मल्लिनाथ धावत होता. मला इतका आनंद जन्मात झाला नव्हता.

शांतम्माने दार उघडलं. परातीच्या काठावरून हात फिरवला आणि ती रडली.

"वहिनी, पंगत वाट बघून राहिली," मल्लिनाथ म्हणाला. "भांडी परत धाडा."

"काय लिहिलंय ते वाचा, भाऊजी."

साऱ्या बाजारासमोर त्याला ते वाचावं लागलं.

"भात तुमचा हाय, घेऊन जा," ती म्हणाली. "भांडं माझं हाय."

भात त्याने फेट्यात बांधून नेला. वरण न्यायला त्याच्यापाशी काहीच नव्हतं.

मित्रांनो, वस्तू मुक्या असतात म्हणून त्या विसरतात असं समजू नका. कुणाची वस्तू तुमच्या घरात राहिली असेल, तर तिच्यावरचं नाव वाचा आणि आजच नेऊन द्या. मी अजून त्या कॅलेंडरच्या मागे आहे. मला फक्त कुणीतरी मोठ्याने वाचावं लागतं.