चिमटीचा नेम

“नेम एवढुसा धर, का देवीला बी हसू येईल. पण धरला का मोडू नको.”

सासूबाईंचं ते बोलणं मनात घोळवत नवसाबाईने चहात साखर घातली आणि चमच्याच्या टोकावरची चिमूटभर परत डब्यात झटकली. नवऱ्याला साखरेचा आजार निघाल्यापासून ती असंच करत आली होती. त्याची जीभ रुळली, की चिमूट जराशी मोठी.

बाहेर ओट्यावर तिचा नवरा गोटीराम पायाच्या अंगठ्याची पट्टी सोडून बघत होता. मखमलाबादच्या मळ्यात शेवंती होती. फुलं देवाची, म्हणून वाफ्यात अनवाणीच जायचं, ही घरची रीत. तिथेच लागलेलं काही केल्या भरत नव्हतं. साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गोटीराम थेट गडावरच्या देवीला नवस बोलून आला होता. नवरात्रभर कडक उपास, की साखर गेलीच.

उपास त्याने खरोखर कडक पाळला. साबुदाण्याची खिचडी, गुळातली रताळी, राजगिऱ्याचे लाडू, याखेरीज कशालाही हात लावला नाही. दसऱ्यानंतर रक्त तपासलं, तर साखर पहिल्यापेक्षा चढलेली. डॉक्टरांना हसू आवरेना. गोटीराम घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

“देवीनं बी पाठ फिरवली,” एवढंच बोलला.

नवसाबाईने देवीची बाजू घेतली नाही, त्याचीही नाही. सकाळी रोजच्यासारखा चहा पुढे ठेवला.

दिवाळीच्या तोंडावर तो शेजारच्या वत्सलाबाईंकडे फुलांच्या टोपल्या मागायला गेला आणि तोंड वाकडं करूनच परतला.

“वहिनीच्या चहात साखर लय पडली. घोट गिळवंना.”

मागोमाग टोपल्या घेऊन वत्सलाबाई आल्या. “भावजी, तुम्हाला लागतो तसाच केला व्हता की. पाकावानी.”

त्या हसत निघून गेल्या. गोटीराम आधी डब्याकडे, मग बायकोकडे बघत राहिला.

“कवापासून?”

“तुम्हाला साखर निघाली तवापासून.”

“मला कदी बोलली नाय.”

“बोलले असते तर तुम्ही एका दिवसात सगळीच सोडली असती. आन् चौथ्या दिवशी जिलबी आणली असती.”

तो पोट हलेपर्यंत हसला. मग अंगठ्याकडे बघत हळूच म्हणाला, “मला बी दे एखादा नेम. लहानच.”

नवसाबाईने देवीपुढची वात सारखी केली.

“वाफ्यात जाताना चपला घालायच्या. बस.”

“देवाच्या फुलांत चपला?”

“देवीला मी सांगते. तुम्ही मला शब्द द्या.”

त्याने मान डोलावली.

उजाडताना टोपली घेऊन तो निघाला. बांधाशी पोहोचताच सवयीने पाय चपलांतून बाहेर आले. तो थबकला. वळून घराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मग शेवंतीला हात जोडले, चपला पुन्हा पायात सरकवल्या आणि एकेक पाऊल जपून टाकत वाफ्यात शिरला.