पाळीबाहेरचं पाणी

बल्खच्या मैदानात पाटाचं पाणी वाटणाऱ्याला मीराब म्हणतात, आणि पाटाच्या शेवटच्या गावचा मीराब होणं म्हणजे उष्टं वाटणं. वरच्या गावांचे कापूस भिजून, अंगणं शिंपून, गाढवं धुऊन झाली की जे गढूळ पाणी पुढे सरकेल, ते योलदाश मीराबाच्या ताब्यात यायचं. ते तो इतकं काटेकोर वाटायचा की सख्ख्या बापानं पाळीबाहेर घागर बुडवली असती तरी त्यानं फावडं उगारलं असतं. गावात त्याला मान होता. त्याच्याकडे गप्पा मारायला मात्र कोणी येत नसे, आणि त्याचीही त्याबद्दल तक्रार नव्हती.

उन्हाळा सरला की मीराबाला सुट्टी. त्या दिवसांत गावभर भांग उभी असते, माणसाहून उंच, आणि तिला कोणी पाणी दाखवत नाही. उन्हाळाभर तिला जपायचं, नर झाडं दिसतील तशी उपटून टाकायची आणि कापणी जवळ आली की तिला तहानेवर सोडायचं. माती भेगाळते, खालची पानं पिवळी पडून गळतात, आणि तुरे असा चीक धरतात की बोट लावलं तर सुटत नाही. थंडीत तेच तुरे कापडावर झाडले की चरसाची भुकटी पडते. या वेळी पाणी लागलं तर सगळा घात. तुऱ्यात ओल शिरते, बुरशी धरते आणि वर्ष मातीत जातं. बाहेरचा माणूस ही सुकलेली शेतं पाहून हळहळतो. गावचा माणूस बांधावर बसून समाधानानं तंबाखूचा बार भरतो.

पाटाच्या अगदी टोकाला दोन शेतं होती. उजवीकडे योलदाशचं. डावीकडे, जरा खोलगट, त्याच्या धाकट्या बहिणीचं, तुर्सुनायचं. जमीन बापाचीच, दोन वाटे भावाला, एक बहिणीला. आणि दोघांमध्ये कित्येक वर्षांचा अबोला.

अबोला पाण्यावरूनच होता. एका कोरड्या उन्हाळ्यात तुर्सुनायची खरबुजं फळ धरत असताना करपायला लागली. पाळी यायला अवकाश होता. ती भर उन्हात पाटावर आली आणि म्हणाली, "आका, दुपारपुरतं पाणी सोड माझ्याकडे. माझ्या पाळीतून कापून घे." आका, म्हणजे तिचा थोरला भाऊ, फावड्यावर हात ठेवून उभा राहिला आणि नाही म्हणाला. मीराबाच्या बहिणीला पाळीबाहेर पाणी मिळालं तर उद्या कोणाला कोणत्या तोंडानं अडवायचं, असा त्याचा हिशेब. हिशेब बरोबर होता. खरबुजं गेली. तुर्सुनायनं चारचौघांत सांगितलं, "आजपासून तुझ्या घरचं पाणी मला हराम."

तिनं ते पाळलं. ईदेला यायची, मयतीला यायची, पुलाव खायची. चहाची वाटी समोर आली की ती पालथी घालून ठेवायची. बोलायची हनीफाशी, म्हणजे योलदाशच्या बायकोशी. पुढे तिचा नवरा गेला, तेव्हाही रडून घसा सुकला तरी तिनं ती वाटी उताणी केली नाही. योलदाश हे दाराआडून पाहायचा. त्याला फार वाईट वाटायचं, पण सांगणार कोणाला?

मग एका वर्षी गोष्ट आणखी पुढे गेली. दूर अंदखोईला राहणाऱ्या दिरानं तिला निरोप धाडला होता: एकट्या बाईनं शेत किती दिवस ओढायचं? यंदाचं पीक फसलं तर जमीन विकून इकडे ये. तिनं कबूल केलं होतं. हनीफानं हे ज्या दिवशी घरी सांगितलं, त्या दिवशी योलदाश जेवला नाही. समोरच्या बांधावर निदान ती दिसायची तरी. अंदखोईला गेल्यावर तेही संपलं असतं.

कापणी तोंडावर आली होती. सकाळी वरच्या गावचा करीमबर्दी गाढव पळवत आला.

"घ्या मीराब, प्या आता पोटभर! वरचे सगळं पितात म्हणून बोंब मारता ना?"

"काय झालं?"

"आमचा कापूस वेचायला आलाय. कोणाला पाणी नको. गावोगावची पाटाची दारं बंद झालीत, आणि डोंगरात पाऊस पडलाय. सगळं तुमच्याकडे निघालंय."

"किती आहे?"

"पाट ओलांडताना माझ्या गाढवाच्या पोटाला लागलं."

"मग वरच अडवा की, शहाण्यांनो!"

"अडवलं असतं तर हे गाढव पळवत आलो असतो का?"

योलदाशनं कपाळावर हात मारला. दोन्ही शेतांच्या पुढे पाट वाळवंटात सुटत असे. सुटत असे म्हणजे आजोबांच्या वेळी. नंतर तिथवर पाणी कधी पोचलंच नाही आणि वाऱ्यानं वाळू भरून तो बुजला. वसंतात गाव मिळून पाट उपसतं, तेव्हा कोणीतरी विचारलंही होतं, पुढचा तुकडा उपसायचा का? "तिथवर पाणी पोचलं तर मी दाढी काढीन," असं योलदाश म्हणाला होता, आणि सगळे हसून घरी गेले होते. पाण्यासाठी जन्मभर भांडणाऱ्या गावाला पाणी जास्त होईल हे सुचलंच नव्हतं.

तो फावडं घेऊन टोकाला धावला. वाळू एका बाजूनं उपसावी तर दुसऱ्या बाजूनं घसरत होती. तेवढ्यात पाणी आलं, काड्या, पाला, फेस घेऊन, आणि वाळूला अडून चढायला लागलं. पलीकडे तुर्सुनाय ओंजळीओंजळीनं आपल्या बांधावर चिखल थापत होती.

"माझ्याकडे येऊ देऊ नकोस!" ती ओरडली. "ऐकतोयस ना? थेंब नको मला!"

किती वर्षांनी ती त्याच्याशी बोलत होती, आणि तेही पाणी नको म्हणून.

"तुझा बांध टिकायचा नाही. शेत खोलगट आहे," तो म्हणाला.

"मग काय करू? मी इथं आडवी झोपू?"

योलदाशनं मागे वळून आपल्या शेताकडे पाहिलं. असं पीक त्याला बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं. हनीफानं एकेक नर झाड हातानं शोधून उपटलं होतं. बांधावर उभं राहिलं तरी चिकाचा वास नाकात भरत होता. मग त्यानं फावडं उचलून आपलाच बांध फोडला.

"आका! अरे, काय करतोयस!"

"तू तुझा बांध धर. बोलू नकोस."

पाणी उजवीकडे वळलं. भेगांनी ते आधी मुकाट पिऊन घेतलं, मग ते झाडांच्या बुंध्यांतून पसरत गेलं. डावीकडचा बांध ओला झाला, खचला, पण टिकला.

पाणी शेतात कित्येक दिवस तुंबून राहिलं. तुरे आतून करडे पडले, आणि कापणीच्या वेळी हनीफानं ते जनावरांपुढेही टाकले नाहीत. नंतर बरेच दिवस ती भांडी जरा जोरात आपटत होती.

मशिदीच्या ओट्यावर गावाला मात्र विषय मिळाला.

"मीराब, दाढी कधी काढताय?"

"दाढीचं राहू द्या. पाळी नसताना यांनी स्वतःच्या शेतात पाणी घेतलं, त्याचं काय?"

हे थट्टेत म्हटलं होतं. पण योलदाश उठून उभा राहिला. पाळीबाहेर पाणी घेणाऱ्यानं मेंढा कापून गावाला जेवण घालायचं, हा नियम त्यानंच कितीकांना लावला होता. "शुक्रवारी या," तो म्हणाला. लोकांनी नको नको म्हटलं, त्यानं ऐकलं नाही. दाढीबद्दल मात्र काही बोलला नाही.

शुक्रवारी गाव जेवून गेलं. आतल्या खोलीत बायका रेंगाळल्या होत्या. तुर्सुनायही होती; तिचं पीक कापून, बांधून, छताला टांगून झालं होतं आणि अंदखोईला तिनं नकार कळवला होता. योलदाश रिकामं ताट ठेवायला आत आला, तेव्हा हनीफा चहाच्या वाट्या मांडत होती. नणंदेसमोरची वाटी तिनं सवयीनं आपणच पालथी ठेवली.

तुर्सुनायनं वाटीकडे पाहिलं.

"हनीफा, ही अशी का ठेवलीस? चहा काय माझ्या ओंजळीत ओतणार आहेस?"

आणि तिनं वाटी उताणी केली.

हनीफाचा हात किटलीवरच राहिला. योलदाश पुढे झाला, त्यानं किटली उचलली. माप त्याचं इथंही चुकलं नाही. ज्या पाहुण्यानं लवकर उठू नये असं वाटतं, त्याची वाटी त्या मुलखात अर्धीच भरतात. त्यानं अर्धीच भरली.

तुर्सुनायनं ती पिऊन पुन्हा पुढे केली.