तोंडपाठ बाई आणि ओला फडका

चौथीच्या बाईंना सगळी शाळा ‘तोंडपाठ बाई’ म्हणायची. मुलाचा प्रश्न पुरा व्हायच्या आत यांचं उत्तर तयार. आणि अशा बाईंना प्रशिक्षणात सांगितलं काय, तर उत्तर द्यायचंच नाही! प्रकल्प द्या, मुलांना शोधू द्या, त्यांनी विचारलं तर “तुला काय वाटतं?” एवढंच म्हणा. मुख्याध्यापकांनीही तीच री ओढली. बाईंचा नुसता जळफळाट झाला.

प्रकल्प कसला, तर ओला फडका कुठे लवकर वाळतो. मुलांनी फडके टांगले, पाडले, एकमेकांच्या तोंडावर मारले.

“बाई, उन्हातच ना?”

“तुला काय वाटतं?”

एका वाक्यात संपणारा धडा, त्याचं पंधरा दिवस मातेरं चाललेलं. जीभ चावून चावून बाई कावून गेल्या होत्या.

त्यात मागच्या बाकावरच्या अबोल मुलीचे वडील मुख्याध्यापकांपुढे जाऊन बसले. “त्या बाईंनाच काही येत नाही हो. उलट पोरांनाच विचारत बसतात!”

मुख्याध्यापकांनी लगेच टोपी फिरवली. “बाई, मधल्या सुट्टीनंतर यांना वर्गात आणतो. यांच्यासमोर उत्तर सांगून मोकळ्या व्हा. नाहीतर सोमवारपासून वर्ग दुसऱ्या बाईंकडे.”

पहिलीपासून हाताखाली वाढलेला वर्ग! ज्यांनी तोंड बांधलं, तेच आता बोला म्हणत होते.

सुट्टीत ती मुलगी टेबलापाशी आली. हातात दोन फडके. “बाई, हा सावलीत होता, पण वाऱ्यावर. हा उन्हात, पण भिंतीच्या कोपऱ्यात, तिथे वाराच नाही. वाऱ्यावरचा आधी वाळला. मी परत परत करून पाहिलं.” मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, “बाबा म्हणतात, तुम्हाला येत नाही. आता ते आले की हे उत्तर तुम्हीच सांगा. मी शोधलं ते कुणाला कळू देणार नाही.”

बाईंना चीडही आली आणि रडूही.

सुट्टी संपली. वडील फळ्याजवळ हाताची घडी घालून उभे राहिले. “हं, सांगा.”

उत्तर बाईंच्या जिभेवरच होतं. मुलगी दिल्या शब्दाप्रमाणे मान खाली घालून बसली होती.

“तुमच्या मुलीला विचारा. तिनं शोधलंय.”

“म्हणजे तुम्हाला येत नाही?”

मुख्याध्यापक जोरात खाकरले.

“नाही येत,” बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच.

मुलगी रडवेली झाली. “बाई, मी खरंच सांगणार नव्हते.”

“माहीत आहे गं. ये पुढे. फडका कुठे टांगला होतास ते सांग. मोठ्यानं.”